मांजरं रंगवणाऱ्या हेन्रिएटबाई



चित्रकलेच्या तासाला मुलांना 'मांजर काढा' असं सांगून बघा. एक मोठा गोल, त्यावर एक छोटा गोल, दोन त्रिकोणी कान, सहा मिशा आणि वळवलेली शेपटी. पाच मिनिटांत सगळ्यांची मांजरं तयार, आणि सगळी एकसारखी! घरात पायात घोटाळणारी मनी त्या चित्रात कुठेच नसते. यात मुलांची चूक नाही. फळ्यावर आपणच तसं काढून दाखवतो. मीही कित्येक वर्षं तसंच दाखवलं आहे.

आज ज्या बाईंची ओळख मला तुम्हाला करून द्यायची आहे, त्यांच्या चित्रातलं एकही मांजर दुसऱ्यासारखं नाही. हेन्रिएट रोनर-क्निप हे त्यांचं नाव. जन्म नेदरलँड्समधला, संसार बेल्जियममध्ये. एकोणिसाव्या शतकात युरोपात मांजरांची आणि पाळीव कुत्र्यांची तैलचित्रं म्हटलं की पहिल्यांदा त्यांचं नाव निघायचं. पण मी त्यांच्याबद्दल वाचायला लागले तेव्हा मांजरांपेक्षा जास्त अडकले ते त्यांच्या शिक्षणात. तुम्हीही अडकाल असं वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

३१ मे १८२१ रोजी ॲमस्टरडॅममध्ये हेन्रिएटचा जन्म झाला. घर चित्रकारांचंच. आजोबा निकोलास फ्रेडरिक क्निप फुलांची चित्रं काढत. वडील योसेफस ऑगस्टस क्निप निसर्गचित्रकार. काका चित्रकार, आत्या फुलांच्या चित्रांसाठी नावाजलेली, भाऊ ऑगस्ट हाही पुढे प्राण्यांची चित्रं काढू लागला. आपल्याकडे सुताराच्या घरात मुलगा चालायला लागला की त्याच्या हातात रंधा येतो, तसं या घरात मुलांच्या हातात ब्रश येत असणार.

पण या घराला एक दुखणं होतं. आजोबांची दृष्टी गेली. तेव्हा योसेफस जेमतेम विशीला टेकलेला, आणि घर चालवायची जबाबदारी त्याच्यावर आली. त्याने ती निभावली. पुढे तो पॅरिसला गेला, राजाकडून मिळालेल्या शिष्यवृत्तीवर रोमला राहून आला, नाव कमावलं. आणि मग त्याचेही डोळे दगा देऊ लागले. हेन्रिएट अगदी लहान असताना त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. १८३२ च्या सुमारास दुसऱ्याचीही गेली. चित्रकार बाप पूर्ण आंधळा झाला, आणि मुलगी होती अकरा वर्षांची.

इथून तिचं शिक्षण सुरू झालं.

जरा थांबून ही परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. त्या काळी मुलींना कला अकादमीत प्रवेश मिळणं जवळजवळ अशक्य होतं. म्हणजे शिकवणार कोण, तर बाप. आणि ज्याला मुलीने कागदावर काय काढलंय ते दिसतच नाही असा बाप! आपण वहीवर लाल पेनने खूण करतो, रेघ चुकली की बोट ठेवून दाखवतो. या शिक्षकाकडे यातलं काहीच नव्हतं. त्याच्याकडे होती फक्त शिस्त, आणि ती त्याने पुरेपूर वापरली.

नियम असा होता: सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम. फक्त दुपारी दोन तास सुट्टी. पण त्या सुट्टीत खेळायचं नाही, हुंदडायचं नाही. अंधार केलेल्या खोलीत जाऊन बसायचं. का? तर डोळ्यांना विश्रांती मिळावी म्हणून. सासऱ्या-सुनेच्या भांडणासारखं नाही हे, की एकाची बाजू घेऊन मोकळं व्हावं. बापाच्या मनातली भीती काय असेल ते कळतं. आपल्या बापाचे डोळे गेले, आपले गेले, आता हिचे जातील. ते जायच्या आत हिला शिकवून तयार केलं पाहिजे, आणि होईल तितके ते जपलेही पाहिजेत. दिवसभर राबवून घेणारा आणि दुपारी अंधारात बसवणारा माणूस एकच, आणि दोन्हीमागची भीतीही एकच.

अंधारात बसवल्याने आनुवंशिक अंधत्व टळतं असं काही आजचे डोळ्यांचे डॉक्टर सांगणार नाहीत. पण त्या बापाला दुसरा उपायच माहीत नव्हता. आणि अकरा वर्षांच्या पोरीने त्या दोन तासांत काय केलं असेल? मी माझ्या वर्गातल्या त्याच वयाच्या मुली डोळ्यांसमोर आणते. दोन तास? दहा मिनिटं गप्प बसवून दाखवा! नुसतं वाचूनच घुसमटायला होतं.

या वागणुकीला काय म्हणावं यावर माझं मन अजून पक्कं होत नाही. आमच्याकडे असे पालक येतात. स्वतःची शेती गेलेली असते, नोकरी गेलेली असते, आणि ती सगळी धास्ती पोराच्या दप्तरात भरलेली असते. सकाळी क्लास, मग शाळा, मग पुन्हा क्लास. त्यांना 'मुलाला खेळू द्या' असं सांगणं सोपं असतं. त्यांची भीती मात्र त्या वाक्याने जात नाही.

असो. शिस्तीचं फळ लवकर दिसलं. पंधरा-सोळाव्या वर्षीच हेन्रिएटची चित्रं प्रदर्शनात लागून विकली जाऊ लागली. क्निप कुटुंब एका गावी फार काळ टिकत नसे. शेवटी १८४० मध्ये ते बेर्लिकम नावाच्या खेडेगावात राहायला आले. आंधळे वडील, घरचा सगळा कारभार, आणि चित्रं, असं सगळं तिच्या अंगावर होतं. या काळात तिने मांजरंच काढली असं मुळीच नाही. शेतं, पाणचक्क्या, जंगलं, जुने वाडे, गुरं, जे समोर दिसेल ते काढलं. प्राणी मात्र पुन्हा पुन्हा यायचे.

१८४७ मध्ये वडील वारले. ती ॲमस्टरडॅमला आली. तिथे 'आर्टी एट अमिसिटिए' नावाची कलावंतांची मोठी संस्था नुकतीच, म्हणजे १८३९ मध्ये, सुरू झाली होती. नावाचा अर्थ 'कला आणि मैत्रीसाठी'. त्या संस्थेत कार्यकारी सभासद म्हणून प्रवेश मिळालेली पहिली स्त्री हेन्रिएट होती. अकादमीचं तोंड न पाहिलेली, आंधळ्या बापाने घरी शिकवलेली मुलगी!

१८५० मध्ये फेइको रोनर यांच्याशी तिचं लग्न झालं आणि जोडपं ब्रसेल्सला राहायला गेलं. आता आपण त्यांना हेन्रिएटबाई म्हणू. इथे गोष्ट पुन्हा त्याच वळणावर येते. फेइकोंची तब्येत सारखी बिघडलेली असे, त्यांच्याने कमाईचं काम होईना. सहा मुलं झाली. घरात पैसा यायचा तो बाईंच्या ब्रशमधूनच. नवऱ्याने मग चित्रांचे व्यवहार बघायचं काम अंगावर घेतलं: पत्रव्यवहार, विक्री, हिशोब. त्या काळात असा संसार पाहून शेजारीपाजारी काय बोलत असतील ते बोलत असतील, पण घर चाललं. आजोबा, वडील, मग नवरा. प्रत्येक वेळी घर सावरायला रंगांची पेटीच कामाला आली.

ब्रसेल्समध्ये त्यांना नवा विषय मिळाला: गाडीला जुंपलेले कुत्रे. आपल्याकडे बैलगाडी, तशी बेल्जियममध्ये तेव्हा कुत्र्यांची गाडी असायची. गरीब फेरीवाल्यांना घोडा परवडत नसे. दूध, भाजी, वाळू असा माल छोट्या गाड्यांवर घालून ते दोन-तीन कुत्री जुंपायचे. हेन्रिएटबाईंनी ही दमलेली, माती लागलेली, पट्ट्यांनी मान घासलेली कुत्री वर्षानुवर्षं रंगवली.

१८६० मधलं त्यांचं एक मोठं चित्र आहे, मित्राच्या मृत्यूचं. दारोदार वाळू विकणाऱ्या एका म्हाताऱ्याचा गाडी ओढणारा कुत्रा रस्त्यातच मरायला टेकला आहे. बरोबरची कुत्री तिथेच आहेत. म्हाताऱ्याचा सोबतीही जातोय आणि पोटाचं साधनही. या चित्राने त्यांना खरं नाव मिळवून दिलं. माझं वैयक्तिक मत विचाराल तर पुढच्या सगळ्या गोंडस मांजरांपेक्षा मला हे चित्र मोठं वाटतं. मुलांना दाखवायचं तर तिसरी-चौथीच्या पुढेच दाखवा, आणि दाखवल्यावर लगेच प्रश्न विचारू नका. थोडा वेळ जाऊ द्या.

त्यानंतर त्यांच्याकडे श्रीमंत घरच्या कुत्र्यांची कामं येऊ लागली. १८७६ मध्ये तर बेल्जियमची राणी मारी हेन्रिएट हिने आपल्या लाडक्या छोट्या कुत्र्यांची चित्रं त्यांच्याकडून करून घेतली. रस्त्यावरच्या गाडीच्या कुत्र्यांपासून राजवाड्यातल्या गादीवरच्या कुत्र्यांपर्यंत पोहोचायला पंचवीस वर्षं लागली.

आणि मांजरं? ती साधारण १८७० पासून. यालाही कारण आहे. तोपर्यंत युरोपात मांजर म्हणजे मुख्यतः उंदीर मारणारा प्राणी. पण शहरातला मध्यमवर्ग सुखवस्तू झाला, बैठकीच्या खोल्यांत गालिचे आले, मखमली खुर्च्या आल्या, आणि मांजर कोठारातून उठून त्या खुर्चीवर येऊन बसलं. १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं मोठं प्रदर्शनच भरलं होतं. ज्या घरात मांजराला खुर्ची मिळाली त्या घरात भिंतीवर मांजराचं चित्रही हवं झालं. हेन्रिएटबाईंनी ते ओळखलं. सहा मुलांच्या आईने बाजार ओळखला तर त्यात कमीपणा काय? त्यांच्या चित्रांवर गोड-गोड असल्याची टीका होते, आणि ती सगळीच खोटी नाही. घड्याळावर चढलेली पिल्लं, शिवणाच्या टोपलीतून दोरा ओढणारी पिल्लं, वाद्यांशी खेळणारी पिल्लं. श्रीमंतांच्या दिवाणखान्याला शोभतील अशीच ती आहेत.

पण जरा जवळ जाऊन बघा. (मोबाईलवर चित्र मोठं करून बघा, म्हणजे झालं. ॲमस्टरडॅमच्या रीक्सम्युझियममध्ये त्यांची मांजरं आहेत आणि संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ती दिसतात.) झडप घालायच्या आधी मांजर मागचा भाग कसा दाबून धरतं, घाबरलेल्या पिल्लाची शेपटी मुळाशी कशी फुगते, आई झोपेचं सोंग घेऊन पिल्लांवर कशी नजर ठेवते, हे सगळं तिथे आहे. हे गोडपणाने साधत नाही. त्यासाठी तासन्‌तास बघावं लागतं.

आणि मांजर बघायचं म्हणजे किती अवघड! माणसाला 'हलू नका' सांगता येतं. कुत्र्याला बिस्किट दाखवून बसवता येतं. मांजर मात्र कुणाचं ऐकत नाही. मग बाईंनी काय केलं, तर मांजराला ऐकायला लावायचा नादच सोडला. १८७८ मध्ये हे कुटुंब ब्रसेल्सला लागून असलेल्या इक्सेल इथे मोठ्या बागेच्या घरात राहायला गेलं. तिथे मांजरं, शिकारी कुत्रे, पोपट असा सगळा गोतावळा होता. चित्रशाळेत त्यांनी समोरून काच लावलेली एक ऐसपैस जागा करून घेतली. आत मांजरांना मोकळं सोडायचं. त्यांनी खेळावं, भांडावं, झोपावं, खोड्या कराव्यात. बाई काचेच्या बाहेर कागद-पेन्सिल घेऊन बसत. हवी तशी ढब दिसली की पटकन टिपायची. नाही दिसली तर वाट बघायची.

त्यापुढची युक्ती तर मला फारच आवडली. मनात भरलेली ढब विसरू नये म्हणून त्या कागदाची मांजरं बनवत. ती खुर्च्या, कापडं, वस्तूंमध्ये मांडून चित्राची रचना ठरवत. म्हणजे प्रत्यक्ष मांजर केव्हाच उठून गेलं तरी कागदी मांजर जागेवर! आपल्या शाळेत कागदकामाच्या तासाला हे सहज करता येईल.

आता तैलरंगांबद्दल थोडं, कारण मुलं विचारतात. तैलरंग म्हणजे रंगाची पूड तेलात, बहुतेक करून जवसाच्या तेलात, घोटून केलेला रंग. आपण वापरतो तो पाण्याचा रंग पाच-दहा मिनिटांत वाळतो. तेलाचा रंग वाळायला दिवसच्या दिवस लागतात. हे गैरसोयीचं वाटतं, पण मांजराच्या केसांसाठी तेच सोयीचं. ओल्या रंगात दुसरा रंग मिसळत नेता येतो, त्यामुळे पोटाचा पांढरा आणि पाठीचा करडा यांच्यात रेघ दिसत नाही. प्राण्याची लव रंगवताना चित्रकार साधारणपणे आधी खालचा गडद रंग घालतात, मग त्यावर उजळ रंग, आणि शेवटी बारीक ब्रशने केस ज्या दिशेला वाढतात त्या दिशेला फटकारे. कपाळावरचे केस वर जातात, गालावरचे बाजूला, छातीवरचे खाली. ही दिशा चुकली की मांजर कापूस भरलेलं दिसतं. प्रत्येक केस मोजून काढावा लागत नाही. उजेड पडतो तिथे चार केस नीट दाखवले की बाकीचे बघणाराच पूर्ण करतो. उतारवयात हेन्रिएटबाईंचा हात आणखी मोकळा झाला, फटकारे सैल झाले, पण मांजराची हाडं मात्र तितकीच पक्की राहिली.

मानसन्मान यथावकाश आले. १८८७ मध्ये बेल्जियमचा 'ऑर्डर ऑफ लिओपोल्ड' मिळाला. १८९१ मध्ये स्पीलमन नावाच्या इंग्रज कलासमीक्षकाने त्यांच्या मांजरांवर अख्खं पुस्तक लिहिलं. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची चित्रं होती. हो, तेच वर्ष, ज्या वर्षी स्वामी विवेकानंद त्याच शहरात सर्वधर्म परिषदेत बोलले. १९०१ मध्ये जन्मभूमी नेदरलँड्सनेही त्यांना सन्मानपदक दिलं.

सहा मुलांपैकी आल्फ्रेड, ॲलिस आणि एमा ही तिघं चित्रकार झाली आणि आईबरोबर प्रदर्शनंही करू लागली. या मुलांना त्यांनी अंधाऱ्या खोलीत बसवलं होतं का, हे जाणून घ्यायला मला फार आवडलं असतं. मी माझ्यापुरता अंदाज बांधते की नसणार. जी बाई मांजराला एका जागी बसवायला तयार नाही, ती पोरांना कशी बसवेल? पण हा फक्त माझा अंदाज आहे, खरं म्हणून वर्गात सांगू नका.

आणि डोळे? ज्या डोळ्यांसाठी दुपारचे दोन-दोन तास अंधारात गेले, ते गेले नाहीत. आजोबांचे गेले, वडिलांचे गेले, त्यांचे राहिले. ऐंशी ओलांडल्यावरही त्या चित्रं काढत होत्या. १९०९ मध्ये इक्सेलमध्ये त्यांचं निधन झालं तेव्हा त्या ८७ वर्षांच्या होत्या.

आता वर्गात काय करायचं ते सांगते, मी केलेलं. मुलांना शनिवारी गृहपाठ दिला: रविवारी एका मांजराकडे दहा मिनिटं नुसतं बघायचं. त्याला उचलायचं नाही, हाक मारायची नाही, चित्रही काढायचं नाही. ज्यांच्याकडे मांजर नाही त्यांनी कुत्रं, शेळी, कोंबडी काहीही चालेल. सोमवारी आधी फक्त बोलायचं, कोणी काय पाहिलं ते. एकाने सांगितलं, झोपलेल्या मांजराचा एकच कान वळतो, दुसरा तसाच राहतो. एकीने सांगितलं, बाई, आमची मनी उन्हात बसली की तिच्या डोळ्यातली काळी रेघ दाभणासारखी होते. एक मुलगा म्हणाला, मी बघायला लागलो तर तीच माझ्याकडे बघत बसली, मग मलाच कसंतरी झालं. सगळे हसले.

मग कागद वाटले. चित्रं काही फार सुबक आली नाहीत. दोन मांजरं तर शेळ्यांसारखी दिसत होती, आणि त्यातली एक खरंच शेळी होती. पण या वेळी कोणीही गोलावर गोल काढला नव्हता. तुमच्या वर्गात करून बघितलंत तर कोणाला काय दिसलं ते मला जरूर कळवा.